बाहेरचा पत्ता घरातही चालावा यासाठी राउटरची मांडणी

घरी छोटा सर्व्हर बसवून त्यावर कुटुंबाचे फोटो, कागदपत्रे किंवा दिवे-पंख्यांचे नियंत्रण ठेवणारी बरीच मंडळी आता पुण्यात भेटतात, आणि त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. फर्ग्युसन रस्त्यावर मोबाइलच्या डेटावर फोटोंचे ॲप बिनतक्रार उघडते, पण कोथरूडला घरी येऊन फोन वाय-फायला जोडला की तेच ॲप सर्व्हर सापडत नसल्याचे सांगू लागते. सर्व्हर शेजारच्या खोलीत चालू असतो आणि इंटरनेटही चालू असते, तरी गाडी अडलेली असते. यावर बहुतेक जण ॲपमध्ये दोन पत्ते भरून ठेवतात, एक घरातला आणि एक बाहेरचा, आणि घरच्या सगळ्यांना कोणता कधी वापरायचा ते समजावत बसतात. हा उपाय टिकत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी वाय-फाय आणि डेटा यांतला फरक लक्षात ठेवून पत्ता बदलावा ही अपेक्षाच चुकीची आहे. पत्ता एकच असावा आणि तो घरात, कार्यालयात आणि प्रवासात सारखाच चालावा, हे साधण्याची जबाबदारी राउटर बसवणाऱ्याची आहे.

या लेखात त्यासाठीची सगळी वाट क्रमाने दिली आहे. उदाहरणासाठी घरातले जाळे १९२.१६८.१.० या मालिकेचे, राउटर १९२.१६८.१.१ वर, सर्व्हर १९२.१६८.१.५० वर आणि फोन १९२.१६८.१.२० वर आहे असे धरू. बाहेरचा सार्वजनिक पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा पत्ता, २०३.०.११३.१० मानू, कारण ही मालिका लेखनातील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे आणि ती कोणाच्याही घराची नसते. नाव म्हणून फोटो.एक्झाम्पल.कॉम वापरू, आणि ते नाव बाहेर याच सार्वजनिक पत्त्याला जोडलेले आहे असे धरू. आपापल्या घरचे आकडे आणि नाव त्या-त्या जागी घालावे.

आपल्याला सार्वजनिक पत्ता मिळाला आहे का?

बाकी काहीही करण्याआधी हे तपासावे, कारण उत्तर नकारार्थी असेल तर पुढची अर्धी खटपट वाया जाते. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन (राउटरची बाहेरची, इंटरनेटकडची बाजू) किंवा इंटरनेट या शीर्षकाखाली एक आयपी पत्ता दिसतो. तो कागदावर लिहून घ्यावा आणि मग घरातल्या संगणकावरून आपला आयपी पत्ता दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ उघडावे. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर पत्ता सार्वजनिक आहे आणि तो थेट आपल्याच राउटरवर उतरतो आहे. जुळले नाहीत, तर राउटरवरच्या पत्त्याची सुरुवात पाहावी. तो १० ने, १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी एकाने किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तो खासगी आहे. १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर पुरवठादाराने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात, आणि ही मालिका २०१२ मध्ये खास तिच्यासाठीच राखून ठेवण्यात आली.

सीजीनॅटला पुरवठादाराचा आडमुठेपणा समजू नये. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या फायबर जोडण्यांना प्रत्येकी एक पत्ता पुरणे शक्य नव्हते. आपल्याकडे सोसायटीत तार टाकणाऱ्या स्थानिक केबलवाल्यांच्या जोडण्या बहुधा अशाच असतात. त्यांच्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मागावा. तो वेगळे शुल्क घेऊन मिळतो, मात्र तो देता येतो की नाही हे दूरध्वनीवरच्या कर्मचाऱ्यापेक्षा तार ओढायला येणाऱ्या तंत्रज्ञाला नेमके ठाऊक असते, असा माझा अनुभव आहे.

राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा वॅन पत्ता दिसत असेल तर कारण बहुधा घरातच सापडते. फायबरची तार ज्या पांढऱ्या डब्यात येते तो ओएनटी स्वतःच राउटरचे काम करत असतो आणि आपण विकत आणलेला राउटर त्याच्या मागे दुसरा राउटर म्हणून बसलेला असतो. पत्त्यांची अदलाबदल, म्हणजेच नॅट, दोनदा होत असल्यामुळे प्रत्येक नियम दोन ठिकाणी लिहावा लागतो, आणि या लेखाचा जो मुख्य प्रश्न आहे तोही दुप्पट अवघड होतो. पुरवठादाराकडून ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम सोडून नुसती जोडणी पुढे देण्याच्या पद्धतीत) करून घ्यावा आणि पीपीपीओईचे (पुरवठादाराशी जोडणी करण्याच्या पद्धतीचे) वापरकर्ता नाव व पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावा, हे सर्वांत चांगले. बदल करण्यापूर्वी ते नाव आणि पासवर्ड हातात आहेत याची खात्री करावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडेपर्यंत घर इंटरनेटविना राहील.

सार्वजनिक पत्ता मिळतच नसेल, तर टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेल यांसारखी सेवा वापरणे, अथवा भाड्याच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा (सुरक्षित खासगी जोडणीचा) बोगदा टाकणे हे मार्ग उरतात. त्यांत सर्व्हर स्वतःच बाहेर जोडणी करतो, त्यामुळे राउटरमध्ये दार उघडावे लागत नाही. तो स्वतंत्र विषय आहे. यापुढचे विवेचन सार्वजनिक पत्ता आपल्या राउटरवर आलेला आहे असे गृहीत धरून केले आहे.

सर्व्हरचा पत्ता पक्का करणे आणि दार उघडणे

सर्व्हरला घरात दर वेळी तोच पत्ता मिळाला पाहिजे. राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात ॲड्रेस रिझर्व्हेशनची सोय असते, तिथे सर्व्हरचा मॅक पत्ता (यंत्राच्या जोडणीचा ओळख क्रमांक) आणि १९२.१६८.१.५० यांची जोडी नोंदवावी. रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरत असाल तर त्याच्या वाय-फायचा आणि केबलचा मॅक पत्ता वेगवेगळा असतो हे ध्यानात ठेवावे. सर्व्हर केबलनेच जोडावा आणि नोंदही केबलच्याच मॅक पत्त्याची करावी. शनिवार-नारायण पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींमध्ये वाय-फायवर चालणारा सर्व्हर अधूनमधून गायब होतो आणि मग दोष राउटरच्या नियमांत शोधत वेळ जातो.

त्यानंतर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून राउटरच्या ठरावीक पोर्टवर (सेवेच्या क्रमांकित दारावर) आलेली मागणी आतल्या सर्व्हरकडे वळवणे. काही राउटरमध्ये याच सोयीला व्हर्च्युअल सर्व्हर असे नाव दिलेले असते. नियमात चार गोष्टी भराव्या लागतात: बाहेरचे पोर्ट, आतला पत्ता, आतले पोर्ट आणि प्रोटोकॉल. आपल्या उदाहरणात बाहेरचे पोर्ट ४४३ (सुरक्षित संकेतस्थळांचे नेहमीचे पोर्ट), आतला पत्ता १९२.१६८.१.५०, आतले पोर्टही ४४३ आणि प्रोटोकॉल टीसीपी. बाहेरचे आणि आतले पोर्ट शक्यतो एकच ठेवा. ८४४३ वर आलेले आत ४४३ कडे वळवणे राउटरला सहज जमते, पण पुढे डीएनएसचा (नावाचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा) मार्ग निवडायचा झाला तर हा फरक आडवा येतो. पुरवठादाराने ४४३ किंवा ८० ही पोर्टे अडवून ठेवली असतील आणि दुसरे पोर्ट वापरावेच लागत असेल, तर सर्व्हरवरही तेच पोर्ट उघडावे.

डीएमझेड नावाची जी सोय असते तिला हात लावू नये. तिच्यामुळे राउटरवर येणारी सगळी पोर्टे एकाच यंत्राकडे वळतात आणि त्या यंत्रावर नकळत चालू राहिलेली प्रत्येक सेवा जगापुढे उघडी पडते.

घरात एकापेक्षा जास्त सेवा असतील तर प्रत्येकीसाठी वेगळे पोर्ट उघडण्यापेक्षा सर्व्हरवर एनजिनएक्स किंवा कॅडी यांसारखा रिव्हर्स प्रॉक्सी बसवावा. बाहेर फक्त ४४३ उघडे राहते, आणि आलेली मागणी फोटोंसाठी आहे की कागदपत्रांसाठी, हे प्रॉक्सी नावावरून ओळखून योग्य सेवेकडे पाठवतो.

आता फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून फोटो.एक्झाम्पल.कॉम उघडावे. इथे यश मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाहेरूनच उघडत नसेल तर आतून उघडण्याचे उपाय लावून काही उपयोग नाही.

घरातून का उघडत नाही

या भागात थोडे थांबून नीट समजून घ्यावे, कारण इथे उलगडा झाला की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

घरातला फोन फोटो.एक्झाम्पल.कॉमचा पत्ता विचारतो तेव्हा त्याला २०३.०.११३.१० असे उत्तर मिळते. हा पत्ता घरातल्या मालिकेतला नाही, म्हणून फोन आपले पहिले पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे पाकीट, राउटरकडे देतो. त्या पॅकेटवर पाठवणारा १९२.१६८.१.२० आणि घेणारा २०३.०.११३.१० अशी नोंद असते. इथे पहिली अडचण येऊ शकते. पुष्कळ राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम ‘वॅनच्या बाजूने आलेल्या पॅकेटसाठी’ असा लिहिलेला असतो आणि हे पॅकेट तर आतून आलेले आहे. नियम लागूच होत नाही. राउटरला २०३.०.११३.१० हा स्वतःचाच पत्ता वाटतो आणि तो पॅकेट स्वतःकडे ठेवून घेतो. अशा वेळी ब्राउझरमध्ये फोटोंऐवजी राउटरचे लॉगिन पान उघडते. ते पाहून पुष्कळांना धसका बसतो की आपल्या राउटरचे पान सगळ्या जगाला दिसते आहे. बहुतेक वेळा तसे नसते, ते केवळ आतून दिसत असते. तरीही मोबाइलच्या डेटावरून एकदा खात्री करावी आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळण्याची सोय) बंद असल्याचे सेटिंगमध्ये पाहून घ्यावे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. समजा राउटरने नियम लावला आणि घेणाऱ्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.५० केला. पॅकेट सर्व्हरपर्यंत पोहोचले. सर्व्हर पाठवणाऱ्याचा पत्ता पाहतो, तो १९२.१६८.१.२०, म्हणजे आपल्याच मालिकेतला शेजारी. शेजाऱ्याला उत्तर द्यायला राउटरची गरज नसते, म्हणून सर्व्हर उत्तर थेट फोनकडे धाडतो. फोन मात्र २०३.०.११३.१० कडून उत्तराची वाट पाहत बसलेला असतो. १९२.१६८.१.५० कडून आलेले, आपण न मागितलेले उत्तर त्याला अनोळखी वाटते. तो ते नाकारतो आणि पहिली मागणी पुन्हा पाठवतो. असे काही वेळा झाले की ॲप कंटाळून वेळ संपल्याचा संदेश दाखवते. सर्व्हरवर टीसीपीडंप हा येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारा प्रोग्राम चालवून पाहिले तर मागणी येताना दिसते, उत्तर जाताना दिसते आणि लगेच फोनकडून जोडणी तोडण्याचे पॅकेट येतानाही दिसते. हे दृश्य एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढच्या नियमाचे कारण आपोआप कळते.

इथे पिंगवर, म्हणजे पत्त्यावरून उत्तर येते का हे पाहण्याच्या चाचणीवर, विसंबू नये. घरातून २०३.०.११३.१० ला पिंग केले तर उत्तर राउटर स्वतः देतो. सर्व्हर बंद असला तरी ते येतच राहील, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

पहिला मार्ग: हेअरपिन नॅट

उपाय असा की राउटरने आतून आलेल्या पॅकेटचे दोन्ही पत्ते बदलावेत. घेणारा १९२.१६८.१.५० करावा आणि पाठवणारा १९२.१६८.१.१, म्हणजे राउटर स्वतः. मग सर्व्हरचे उत्तर राउटरकडेच येते, राउटर दोन्ही पत्ते पूर्ववत करून ते फोनला देतो आणि फोनला अपेक्षित ठिकाणाहून उत्तर मिळते. या व्यवस्थेला हेअरपिन नॅट, नॅट लूपबॅक किंवा नॅट रिफ्लेक्शन अशी वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरमध्ये वेगवेगळी नावे आहेत.

कित्येक घरगुती राउटरमध्ये ही सोय मुळातच चालू असते आणि तिच्यासाठी वेगळे बटण नसते. म्हणून आधी फोन वाय-फायला जोडून नाव उघडून पाहावे. चालले तर हा प्रश्न आपल्यापुरता सुटला. नाही चालले तर सेटिंगमध्ये या तीन नावांपैकी एखादे सापडते का ते शोधावे. पुरवठादाराने दिलेल्या ओएनटीमध्ये ते न सापडण्याची शक्यता बरीच असते, आणि तेव्हा दुसरा मार्ग धरावा.

ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरवर बसवता येणारी मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांना फायरवॉलच्या पोर्ट फॉरवर्ड पानावर प्रत्येक नियमाच्या प्रगत सेटिंगमध्ये नॅट लूपबॅकचा चौकोन दिसेल. तो मुळातच टिचकी मारलेला असतो. तरीही चालत नसेल तर दुहेरी नॅटचा संशय घ्यावा. ओपनडब्ल्यूआरटी आपले लूपबॅकचे नियम स्वतःच्या वॅन पत्त्यावर बेतते. पुढे ओएनटी राउटर म्हणून बसलेला असेल तर तो वॅन पत्ता खासगी असतो आणि खऱ्या सार्वजनिक पत्त्याकडे निघालेले पॅकेट या नियमांना न लागता सरळ ओएनटीकडे जाते. तिथून ते परत वळवायचे की नाही हे मग ओएनटीच्या हाती राहते.

पीएफसेन्स या फायरवॉल-राउटर प्रणालीत प्रगत सेटिंगच्या फायरवॉल आणि नॅट विभागात रिफ्लेक्शनचा प्रकार निवडता येतो. तिथे प्युअर नॅट निवडावे आणि त्याखालचा रिफ्लेक्शनसाठी आपोआप आउटबाउंड नॅट करण्याचा पर्यायही चालू करावा. सर्व्हर आणि फोन एकाच मालिकेत असताना हा दुसरा पर्याय विसरला, तर वर सांगितलेली दुसरी अडचण जशीच्या तशी राहते.

मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर हे काम हाताने करावे लागते, पण तिथेच ते सर्वांत स्पष्ट दिसते. वळवण्याच्या नियमात वॅनच्या इंटरफेसची अट लिहिलेली असेल तर ती काढावी. तिच्या जागी घेणाऱ्या पत्त्याची अट घालावी. स्टॅटिक पत्ता असेल तर थेट २०३.०.११३.१० लिहावे. पत्ता बदलता असेल तर घेणाऱ्या पत्त्याचा प्रकार लोकल अशी अट घालून राउटरचा आतला पत्ता त्यातून वगळावा, म्हणजे राउटरचे स्वतःचे पान आतून उघडत राहील. मग सोर्स नॅटमध्ये एक नवा मास्करेड नियम (पाठवणाऱ्याच्या जागी राउटरचा पत्ता घालणारा) जोडावा: पाठवणारा १९२.१६८.१.० च्या मालिकेतला आणि घेणाराही त्याच मालिकेतला. पाठवणाऱ्याची ही अट गाळून, सर्व्हरकडे जाणाऱ्या सगळ्याच पॅकेटचा पाठवणारा बदलणारा नियम कधीही लिहू नये. तसे केले तर बाहेरून येणारा प्रत्येक माणूस सर्व्हरच्या नोंदींत राउटरच्या पत्त्याने दिसतो. कोणी पासवर्ड फोडण्याचा प्रयत्न करत असेल तर त्याचा माग लागत नाही, आणि वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणारा पत्ता अडवणारे फेल टू बॅनसारखे साधन राउटरलाच अडवून सगळ्यांचे दार बंद करते.

नियम काटेकोर लिहिला तरी घरातली सगळी यंत्रे सर्व्हरला राउटरच्या पत्त्याने दिसणार, हे हेअरपिनबरोबर स्वीकारावेच लागते. घरातले कोणते यंत्र काय करते हे नोंदींतून कळण्याची गरज असेल तर ही उणीव मोठी आहे. शिवाय सगळी माहिती राउटरमधून दोनदा जाते. काही राउटरवर या वाहतुकीला हार्डवेअरची मदत मिळत नाही आणि मोठे व्हिडिओ चढवताना वेग घसरतो.

सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (घरच्या जाळ्याच्या वेगळ्या काढलेल्या भागात), वेगळ्या मालिकेत ठेवला असेल तर मास्करेडची गरजच उरत नाही, कारण सर्व्हरला उत्तर राउटरमार्फतच द्यावे लागते. ज्यांच्या राउटरमध्ये ही सोय आहे त्यांनी ती जरूर वापरावी. बाहेर उघडा असलेला सर्व्हर घरातल्या इतर यंत्रांपासून दूर राहतो, हा त्यातला अधिक मोलाचा फायदा.

दुसरा मार्ग: घरात नावाला वेगळे उत्तर

माझे मत विचाराल तर एकच सर्व्हर असलेल्या घरात हा मार्ग अधिक नेटका आहे. घरातला डीएनएस फोटो.एक्झाम्पल.कॉमला १९२.१६८.१.५० असे उत्तर देईल आणि बाहेरचा डीएनएस २०३.०.११३.१० असे. फोन घरात असताना सरळ सर्व्हरशी बोलतो, राउटरवर भार येत नाही, नोंदींत खरा पत्ता दिसतो आणि इंटरनेट बंद पडले तरी घरात फोटो उघडतात. दिवाळीत सगळे नातेवाईक घरी जमलेले असताना तार तुटली, तरी वर्षभराचे फोटो पडद्यावर लावता येतात.

यासाठी राउटरमध्ये स्थानिक डीएनएस नोंदीची सोय लागते. ओपनडब्ल्यूआरटीत ती होस्टनेमच्या पानावर आहे आणि मायक्रोटिकमध्ये स्टॅटिक डीएनएस नोंदींत. राउटरमध्ये ती नसेल तर पाय-होल हा घरात डीएनएस चालवणारा प्रोग्राम सर्व्हरवर बसवून त्यातल्या लोकल डीएनएसमध्ये नोंद करावी आणि राउटरच्या डीएचसीपीत डीएनएस म्हणून त्याचा पत्ता द्यावा. दुसरा डीएनएस म्हणून एखादा सार्वजनिक पत्ता भरून ठेवण्याचा मोह टाळावा. यंत्रे दुसऱ्याचा उपयोग पहिला बंद पडल्यावरच करतील याची खात्री नसते. ती मधूनच दुसऱ्याला विचारतात आणि मग नाव कधी उघडते, कधी उघडत नाही.

काहीजण बाहेरच्या डीएनएसमध्येच नावाला खासगी पत्ता देऊन टाकतात. तसे करू नये. बाहेरून ते अर्थातच चालत नाही, आणि घरातही पुष्कळ राउटर बाहेरच्या डीएनएसकडून आलेले खासगी पत्त्याचे उत्तर सुरक्षेसाठी गाळून टाकतात.

या मार्गात तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली, खासगी डीएनएस: अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसचे सेटिंग आले आहे, त्यात एखाद्या बाहेरच्या सेवेचे नाव भरलेले असेल तर फोन घरातल्या डीएनएसला विचारतच नाही. ब्राउझरमधल्या सुरक्षित डीएनएसचेही तसेच. दुसरी, आयपीची सहावी आवृत्ती. नावाला बाहेर चौथ्या आवृत्तीबरोबर सहाव्या आवृत्तीचीही नोंद दिलेली असेल आणि घरात फक्त चौथ्या आवृत्तीचे उत्तर बदलले असेल, तर यंत्र सहाव्या आवृत्तीचा पत्ता पसंत करते आणि आपला बदल बाजूला राहतो. तिसरी, पोर्ट. डीएनएस फक्त पत्ता सांगतो, पोर्ट बदलत नाही. म्हणूनच आतले-बाहेरचे पोर्ट एकच ठेवण्याचा आग्रह वर धरला.

संगणकावर एनएसलुकअप ही डीएनएसला नाव विचारणारी आज्ञा चालवून नावाचे उत्तर पाहावे. १९२.१६८.१.५० आले तर नोंद लागू झाली. जुनेच उत्तर येत असेल तर संगणकाचा डीएनएस साठा रिकामा करावा किंवा वाय-फाय बंद करून पुन्हा जोडावे. काही ॲप आधी मिळालेला पत्ता धरून बसतात, ती पूर्ण बंद करून पुन्हा उघडावी लागतात.

ज्या उपकरणात नावाऐवजी आकडी सार्वजनिक पत्ताच भरलेला आहे, तिथे डीएनएसचा उपाय लागू पडत नाही. अशा उपकरणासाठी हेअरपिनच लागतो. दोन्ही एकत्र ठेवायला काहीच हरकत नाही, ते एकमेकांच्या आड येत नाहीत.

नाव, प्रमाणपत्र आणि बदलता पत्ता

आकडी पत्त्यावर सेवा चालवू नये, नाव घ्यावेच. नाव असले की लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र (पान खरोखर त्याच नावाचे आहे हे ब्राउझरला पटवणारे) विनामूल्य मिळते आणि दोन्ही मार्गांत नाव तेच राहत असल्यामुळे ब्राउझर घरात आणि बाहेर सारख्याच विश्वासाने पान उघडतो. घरात १९२.१६८.१.५० असे थेट टाकल्यावर जो लाल इशारा येतो तो एवढ्याचसाठी, की प्रमाणपत्र नावाचे असते. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था करावी. त्यासाठीची पडताळणी पोर्ट ८० वरून करता येते आणि ते पोर्ट पुरवठादाराने अडवले असेल तर डीएनएसमध्ये नोंद करूनही करता येते.

पत्ता स्टॅटिक नसेल तर डायनॅमिक डीएनएस लावावा. डकडीएनएस किंवा नो-आयपी यांसारख्या सेवा राउटरकडून किंवा सर्व्हरवरच्या छोट्या प्रोग्रामकडून नवा पत्ता घेऊन नावाची नोंद बदलतात.

काय उघडू नये

सीसीटीव्हीचा डीव्हीआर थेट बाहेर उघडू नये. सोसायट्यांमध्ये कॅमेरे बसवणारे कामगार मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून पोर्ट उघडून आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवून जातात. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने अशाच कॅमेऱ्यांना आणि डीव्हीआरना त्यांच्या मूळ पासवर्डांनिशी ताब्यात घेतले आणि त्या फौजेच्या जोरावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर झालेल्या हल्ल्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. विंडोजचे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ३३८९ पोर्ट, आणि राउटरचे व्यवस्थापन यांनाही हाच नियम लावावा. यूपीएनपी बंद करावे, कारण त्यामुळे घरातले कोणतेही उपकरण आपल्याला न विचारता पोर्ट उघडू शकते.

सेवा फक्त घरच्या माणसांसाठी असेल तर ४४३ सुद्धा उघडू नये आणि वायरगार्ड वापरावा. त्यासाठी ५१८२० हे एक यूडीपी पोर्ट पुरते, आणि किल्ली जुळल्याशिवाय ते बाहेरच्याला उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट उघडे आहे हेही त्याला कळत नाही. नातेवाइकांना फोटोंची लिंक पाठवायची असेल, किंवा घरगुती व्यवसायाचे पान चालवायचे असेल, तेव्हाच ४४३ उघडे ठेवण्याला अर्थ आहे.

वीज गेल्यावर

पुण्यात गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जाणे नवे नाही, आणि वीज परत आल्यावर बदलता पत्ता बहुधा नवा मिळतो. राउटर आणि ओएनटी या दोघांनाही विजेचा आधार द्यावा, एकट्या राउटरला देऊन भागत नाही. तपकीर गल्लीत राउटरसाठीचे छोटे यूपीएस मिळतात. घेण्यापूर्वी दोन्ही अडॅप्टरवर छापलेला व्होल्टेज आणि अँपिअरचा आकडा टिपून न्यावा, कारण ते सारखे असतीलच असे नाही.

सगळी मांडणी झाली की एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम मुख्य बटण बंद करून चालू करावे. पाच-दहा मिनिटांनी राउटरवरचा वॅन पत्ता पाहावा, डायनॅमिक डीएनएसची नोंद त्याच्याशी जुळते का ते पाहावे, सर्व्हरला १९२.१६८.१.५० हाच पत्ता मिळाला आहे का ते पाहावे, आणि मग एकच नाव आधी मोबाइलच्या डेटावर आणि नंतर वाय-फायवर उघडावे. डेटावर उघडून वाय-फायवर अडले तर दोष हेअरपिनमध्ये किंवा घरातल्या डीएनएसमध्ये आहे. वाय-फायवर उघडून डेटावर अडले तर नावाची बाहेरची नोंद जुनी राहिली आहे किंवा पुरवठादाराने या वेळी खासगी पत्ता दिला आहे. हा दुसरा प्रकार वारंवार घडू लागला तर स्टॅटिक आयपीचा अर्ज करून टाकावा.